गाडीला नवा रंग, पण गन कोणती?

घरच्या अंगणात जुनी गाडी चकाचक करायची आयडिया भारी आहे. पण त्यासाठी स्प्रे गन निवडताना रंगाआधी हवेचा आणि हवेआधी स्वतःच्या फुप्फुसांचा हिशोब मांडा. ओतूरच्या अंगणातून एक प्रॅक्टिकल गाइड.

शुक्रवारी ऑफिस सुटलं, की हिंजवडी नाहीतर खराडीचं ट्रॅफिक पार करायचं आणि चाकण, मंचर, नारायणगाव मागे टाकत रात्री उशिरा ओतूर गाठायचं. जुन्नर तालुक्यातून पुण्यात नोकरीला आलेल्या कितीतरी जणांचा हा वीकेण्डचा ठरलेला कार्यक्रम. गावाकडच्या घरी आई असते, गरम भाकरी असते आणि शेडखाली एक जुनी मैत्रीणही उभी असते. म्हणजे वडिलांनी हौसेनं घेतलेली मारुती ८००! इंजिन एकदम ठणठणीत, पण बॉनेटवरचा रंग उडालेला, टपावर उन्हाचे चट्टे आणि दाराच्या खालच्या कडेला गंजाची तांबूस नक्षी.

ही गाडी विकायचं कुणाच्या मनात येत नाही. १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या या मॉडेलचं उत्पादन जानेवारी २०१४मध्ये थांबलं. म्हणजे सर्वांत धाकटी ८००सुद्धा आता दहा वर्षांहून मोठी झाली. गॅरेजवाल्यानं फुल बॉडी पेंटचं एस्टिमेट दिलं, की गाडीच्या किमतीपेक्षा रंगाची किंमत जास्त वाटायला लागते. मग मोबाइलवर एक व्हिडिओ दिसतो. कुणीतरी परदेशात आपल्या गॅरेजमध्ये मस्तपैकी गन फिरवतोय आणि दहा मिनिटांत गाडी आरशासारखी! त्याच क्षणी शॉपिंग अॅपवर हजार-दीड हजारांत स्प्रे गन दिसते आणि बोट ‘बाय नाऊ’कडे सरकतं.

जरा थांबा बॉस. गन घ्यायला हरकत नाही, पण कोणती, कशासाठी आणि तिच्यामागे काय काय लागणार, हे आधी बघू या.

डॉक्टरांचा शोध, पेंटरच्या हातात

स्प्रे गनची गोष्ट सुरू होते ती चक्क घशाच्या औषधापासून. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात डॉ. अॅलन डेव्हिलबिस नावाचे डॉक्टर होते. पेशंटच्या घशात औषध नीट पोचावं म्हणून १८८०च्या दशकाच्या शेवटी त्यांनी औषधाचा बारीक तुषार उडवणारा अॅटोमायझर बनवला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या मुलानं, थॉमसनं, हेच तत्त्व रंगासाठी वापरलं. डेव्हिलबिस हे नाव आजही गनवर छापलेलं दिसतं.

तोपर्यंत मोटारी ब्रशनं रंगवल्या जात. एकावर एक हात मारायचे, प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबायचं आणि असं करत एक गाडी पूर्ण व्हायला काही आठवडे लागायचे. १९२०च्या दशकात ड्यूपाँट कंपनीचा ‘ड्यूको’ हा झटपट वाळणारा नायट्रोसेल्युलोज रंग आला. तो इतक्या लवकर वाळायचा, की ब्रशनं पसरवणं अवघडच. त्यामुळे गनला पर्याय उरला नाही. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये ‘एनसी पेंट’ म्हणतात तो याच घराण्यातला.

गनचा फंडा अगदी साधा आहे. नॉझलमधून रंग बाहेर येतो, त्याच्या चहूबाजूंनी दाबाखालची हवा येते आणि रंगाच्या धारेचे बारीक बारीक थेंब करते. थेंब जितके एकसारखे, तितका रंग गुळगुळीत बसतो. इथे लक्षात ठेवायची गोष्ट एकच. काम हवा करते, गन फक्त तिला वळण लावते.

आधी कॉम्प्रेसर, मग गन

बहुतेक जण आधी गन घेतात आणि मग तिला चालेल असा कॉम्प्रेसर शोधत बसतात. हे म्हणजे आधी मिक्सर घ्यायचा आणि मग घरात वीज आहे का ते बघायचं! क्रम उलटा करा. तुमच्याकडे किती हवा आहे ते आधी ठरू द्या.

हवेचं माप सीएफएममध्ये मोजतात, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. एक घनफूट म्हणजे साधारण २८ लिटर. प्रत्येक गनच्या माहितीपत्रकात तिला किती सीएफएम लागतात ते दिलेलं असतं. कॉम्प्रेसरवरही सीएफएम लिहिलेले असतात, पण इथेच गंमत आहे. बऱ्याचदा तो आकडा पिस्टनच्या आकारावरून काढलेला असतो. प्रत्यक्ष बाहेर मिळणारी हवा त्याहून बरीच कमी, साधारण दोन तृतीयांश असते. दुकानदाराला स्पष्ट विचारा, ‘फ्री एअर डिलिव्हरी किती?’

आता एक छोटं गणित करू. समजा, तुम्ही घरगुती सिंगल फेजवर चालणारा २ हॉर्सपॉवरचा, ५० लिटर टाकीचा कॉम्प्रेसर आणला आणि तो प्रत्यक्षात ५ सीएफएम हवा देतो. गन घेतली १२ सीएफएमची. टाकीत ८ बार दाब आहे आणि तो ४ बारपर्यंत उतरला तरी काम चालतं असं धरू. या चार बारमध्ये टाकीतून २०० लिटर, म्हणजे ७ घनफूट साठलेली हवा मिळते. गन मिनिटाला १२ घनफूट खाते, कॉम्प्रेसर ५ भरून देतो. तूट ७ची. म्हणजे बरोब्बर एका मिनिटात टाकी ‘खाली’!

एका मिनिटात बॉनेटसुद्धा पूर्ण होत नाही. दाब पडला, की थेंब मोठे होतात आणि पत्र्यावर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे दिसायला लागतात. मग आपण म्हणतो, गन बेकार निघाली. बिचारीचा काही दोष नसतो. त्याच कॉम्प्रेसरला ४-५ सीएफएमची गन लावली असती, तर ती न थांबता चालली असती.

गावात आणखी एक मुद्दा येतो तो व्होल्टेजचा. आजूबाजूच्या शेतांवर मोटारी सुरू झाल्या आणि घरातला बल्ब मंद झाला, की कॉम्प्रेसरची मोटर दमून गरम होते. सुरू होताना ती नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट खेचते. त्यामुळे लांबच लांब बारीक एक्स्टेन्शन वायर वापरू नका. वायर जाड आणि आखूड ठेवा, लांबी हवीच असेल तर हवेच्या पाइपाची वाढवा.

कप वर की खाली?

आता प्रत्यक्ष गनकडे वळू. दुकानात गेलात, की दोन आकार लगेच डोळ्यांत भरतात.

एक, कप खाली लटकणारी. ही सक्शन गन. हवेच्या झोतामुळे रंग खालून वर ओढला जातो. आपल्याकडच्या जुन्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं हीच चालली. कप मोठा, साधारण लिटरभराचा. पण रंग ओढायला दाब जास्त लागतो आणि कपाच्या तळाशी थोडा रंग नेहमीच शिल्लक राहतो.

दुसरी, कप डोक्यावर असलेली. ही ग्रॅव्हिटी गन. रंग आपल्याच वजनानं खाली उतरतो, म्हणून कमी दाबात काम होतं आणि शेवटच्या थेंबापर्यंत रंग वापरता येतो. कप लहान, साधारण ६०० मिलीचा. घरी काम करणाऱ्यानं डोळे झाकून ही घ्यावी.

यानंतर येतात ती अक्षरं, एचव्हीएलपी आणि एलव्हीएलपी. घाबरू नका. एचव्हीएलपी म्हणजे हवा भरपूर, पण दाब कमी. या गनच्या तोंडाशी दाब १० पीएसआयच्या आत ठेवलेला असतो. त्यामुळे थेंब पत्र्यावर आपटून परत उडत नाहीत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या प्रदूषणाच्या नियमांनी अशा गनकडून किमान ६५ टक्के रंग वस्तूवर बसण्याची अपेक्षा ठेवली. जुन्या पद्धतीच्या जास्त दाबाच्या गनमध्ये हेच प्रमाण ३०-४० टक्क्यांवर घुटमळतं. म्हणजे लिटरभर रंगातला ६००-७०० मिली रंग हवेत, जमिनीवर, शेजाऱ्याच्या पापडांवर आणि तुमच्या नाकात!

मग एचव्हीएलपीच घ्यावी ना? थांबा. ‘हवा भरपूर’ हे विसरलात. अनेक एचव्हीएलपी गनना १० ते १४ सीएफएम लागतात आणि वरच्या गणितात आपला कॉम्प्रेसर तिथेच झोपला होता. एलव्हीएलपीमध्ये दाबही कमी आणि हवाही कमी, साधारण ४ ते ६ सीएफएम. रंगाची बचत बऱ्यापैकी होते. फक्त काम सावकाश चालतं आणि फवाऱ्याचा पंखा थोडा अरुंद मिळतो. घरच्या छोट्या कॉम्प्रेसरसाठी हीच खरी जोडीदार.

प्लगमध्ये लावून चालणाऱ्या इलेक्ट्रिक गनही मिळतात. कॉम्प्रेसरचं टेन्शन नॉट! गेट, खिडक्यांचे गज, लाकडी कपाट यांच्यासाठी त्या ठीक आहेत. पण त्यातल्या स्वस्त गनचे थेंब जाडसर असतात. गाडीच्या पत्र्यावर ऊन पडलं, की तो जाडसरपणा लगेच उघडा पडतो.

नॉझलचा नंबर

चष्म्यासारखाच गनलाही नंबर असतो. नॉझलचं भोक किती मिलिमीटरचं आहे, त्यावर कोणता रंग चालेल ते ठरतं.

रंगाच्या बेस कोटला १.२ ते १.४. वरच्या चकाकीच्या क्लिअर कोटला १.३ ते १.४. दाट प्रायमर सरफेसरला १.६ ते १.८. गनमधून मारायच्या पुट्टीला २ किंवा त्याहून मोठं. आरशाचं कव्हर, स्कूटरचं मडगार्ड असल्या छोट्या कामांना ०.८ ते १चं नॉझल असलेली मिनी गन मिळते.

एकच गन घ्यायची तर १.४ घ्या. दोन घेता येत असतील तर दुसरी स्वस्तातली १.७ फक्त प्रायमरसाठी ठेवा. प्रायमरमध्ये भरड कण असतात. तीच गन पुढे रंगाला वापरली, की कुठल्यातरी कोपऱ्यात अडकलेला कण नेमका बॉनेटच्या मध्यभागी येऊन बसतो.

आणखी एक टिप. पहिल्यांदा करताय तर साधा सॉलिड रंग निवडा. मेटॅलिक रंगात अॅल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात. हात जरा कमी-जास्त झाला, की ते वेगवेगळ्या दिशांना बसतात आणि गाडीवर पट्टे दिसतात. पांढरी ८०० ही नवशिक्याला देवानं दिलेली देणगी आहे, तिचा फायदा घ्या. रंगच बदलायचा विचार असेल तर आधी आरटीओत चौकशी करा. गाडीच्या आरसीवर रंगाची नोंद असते आणि ती बदलून घ्यावी लागते. मूळचाच रंग पुन्हा मारायला ही भानगड नाही.

बागेतला पंप अंगणात नको

ओतूर-जुन्नरचा पट्टा म्हणजे द्राक्षं, टोमॅटो आणि कांद्याचा. फवारणी कशाशी खातात हे इथल्या पोरांना शिकवावं लागत नाही. नॉझल बदलला की थेंब बदलतो, वाऱ्याच्या विरुद्ध फवारलं की अंगावर येतं, पंप धुतला नाही की पुढच्या वेळी तुंबतो. हे ज्ञान शहरातल्या डीआयवायवाल्यांना पुस्तकातून मिळवावं लागतं. तुमच्याकडे ते घरचंच आहे, त्याचा अभिमान बाळगा.

पण म्हणून बागेतला पंपच रंगाला जुंपायचा? अजिबात नको. शेतीच्या पंपात द्रवालाच दाब देऊन तो नॉझलमधून ढकलतात. पाण्यासारख्या पातळ औषधासाठी त्याची रचना असते. गाडीच्या रंगाला हवे तितके बारीक, एकसारखे थेंब त्यातून मिळत नाहीत. शिवाय थिनरनं त्याचे रबरी वायसर फुगतात, विरघळतात. टाकीत उरलेला औषधाचा अंश रंगात उतरला तर पत्र्यावर खळगे पडतात ते वेगळंच.

बागेतला एक धडा मात्र जरूर अंगणात आणा. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला. त्या बातम्यांनी सगळा महाराष्ट्र हादरला होता. कीटकनाशक वेगळं, रंग वेगळा. पण बारीक तुषार श्वासातून थेट आत जातो आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही, हे दोन्हीकडे तितकंच खरं.

फुप्फुसांना रंग लागत नाही, पण...

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. हे वाचताना मोबाइल बाजूला ठेवा.

आजकाल गाड्यांना जो टिकाऊ, चकचकीत रंग मारतात तो ‘टू-के’ असतो. म्हणजे दोन डबे, एकात रंग किंवा क्लिअर आणि दुसऱ्यात हार्डनर. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. तुषारातून ती फुप्फुसात गेली, की शरीर त्यांना कायमचं शत्रू मानायला लागू शकतं. एकदा तसं झालं, की पुढे अगदी किंचितशा संपर्कानंही दम्याचा झटका येऊ शकतो. ब्रिटनमधल्या आरोग्य आणि सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेनं सांगितलंय, की तिथल्या गाड्या रंगवणाऱ्या कामगारांना दमा जडण्याचा धोका इतर कामगारांच्या सुमारे ८० पट आहे. तो शोध लावणारे डॉक्टर घसा बरा करायला निघाले होते, हे आठवलं की कसंतरीच वाटतं.

याचा वास धोक्याची सूचना देत नाही. ‘वास येत नाही म्हणजे सेफ आहे’ हे इथे चालत नाही. मेडिकलमधला मास्क, कोरोनात उरलेला एन-९५, ओला रुमाल, यापैकी काहीही टू-केला पुरत नाही. कोळशाची डबी असलेला मास्क थिनरच्या वाफेला उपयोगी असतो, पण आयसोसायनेटच्या बाबतीत ती डबी कधी संपली ते कळत नाही. म्हणून परदेशातल्या नियमांप्रमाणे पेंटरला बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क देतात आणि काम बंदिस्त बूथमध्ये होतं. गन बंद केल्यावरही तुषार काही काळ हवेत तरंगत राहतो. ‘झालं बघ!’ म्हणत लगेच मास्क वर करणं ही सगळ्यात धोकादायक घाई.

अंगणात तुमच्या आईचा वावर आहे, भाचरं खेळतायत, शेजारचे आजोबा ओट्यावर बसलेत. त्यांच्यापैकी कुणीच मास्क घातलेला नाही. म्हणून आमचा सल्ला सरळ आहे. हार्डनर घातलेला टू-के रंग, क्लिअर किंवा प्रायमर घरी मारू नका. डब्यावर दोन भाग मिसळायला सांगितलं असेल आणि दुसऱ्या भागावर आयसोसायनेट लिहिलं असेल, तर तो डबा गॅरेजचा. एकाच डब्यातला, थिनर घालून मारायचा एनसी किंवा ‘वन-के’ रंग घरी चालेल. तोही मोकळ्या जागेत, वाफ आणि कण दोन्ही अडवणारा मास्क, गॉगल आणि हातमोजे घालूनच.

दुसरा धोका आगीचा. थिनरची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते आणि ठिणगीची वाट बघते. चूल, बंब, देवघरातली समई, कुणाची तरी बिडी, सगळं लांब हवं. कॉम्प्रेसरच्या मोटरमध्येही ठिणगी उडू शकते, म्हणून तो वाऱ्याच्या वरच्या बाजूला, दूर ठेवा.

तिसरी गोष्ट, जुना रंग घासताना तो ओलाच घासा. खूप जुन्या रंगात शिसं असू शकतं. वॉटर पेपर आणि पाणी वापरलं, की धूळ उडत नाही.

मुहूर्त कधीचा?

ओतूरचा सगळ्यात मोठा उत्सव म्हणजे श्रावणी सोमवारची कपर्दिकेश्वराची यात्रा. मांडवी नदीकाठच्या या देवळात तांदळाच्या पिंडी पाहायला गर्दी लोटते. पाहुणे येणार, म्हणजे तोपर्यंत गाडी चकाचक हवी, असं वाटणं साहजिक आहे. पण रंगाच्या दृष्टीनं श्रावणाइतका वाईट महिना शोधून सापडणार नाही.

कारण हवेतला ओलावा. पश्चिमेला माळशेजचा घाट, तिथून पावसाचे ढग आत येतात. थिनर उडून जाताना पत्रा थंड होतो. हवा आधीच ओली असेल, तर त्या थंड पृष्ठभागावर बारीक दव धरतं आणि एनसी रंगावर पांढरट, दुधाळ झाक येते. पेंटर त्याला रंग ‘पांढरा पडला’ म्हणतात. भर पावसात कॉम्प्रेसरच्या टाकीतही पाणी साठतं आणि गनमधून रंगाबरोबर थेंब थेंब पाणी येतं. म्हणून पाइपात वॉटर सेपरेटर हवाच आणि काम सुरू करण्याआधी टाकीचा खालचा कॉक सोडून पाणी काढून टाकायचं.

एप्रिल-मेमध्ये उलटा ताप. ऊन इतकं, की रंग पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धा वाळतो आणि खरखरीत बसतो. वर वावटळीची धूळ. सगळ्यात चांगला सीझन म्हणजे पाऊस संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा. त्यातही पहाटेचं दव उडून गेल्यावर, साधारण अकरा ते तीन ही वेळ. वाहनपूजेचा दसरा पुढे दिसत असेल आणि पाऊस रेंगाळला असेल, तर यंदाची पूजा जुन्याच रंगात करा. गाडी रागावत नाही.

आणि हो, शेजाऱ्यांना आधी सांगा. उडालेला रंग वाऱ्यावर बराच लांब जातो. कुणाच्या चाळीत कांदा असतो, कुणाचं वाळवण असतं, कुणाची नवी कोरी गाडी असते. फवारणीला जसं वारं बघता, तसंच इथेही बघा.

गन हातात आली, आता?

रंग थेट गाडीवर मारू नका. आधी भिंतीला पुठ्ठा लावा आणि त्यावर टेस्ट घ्या. गनला साधारण तीन स्क्रू असतात. एक पंख्याची रुंदी ठरवतो, एक रंगाचं प्रमाण, एक हवा. फवारा लांबट आणि सगळीकडे सारखा दिसला पाहिजे.

मध्येच रंग जास्त साचतोय? दाब कमी आहे किंवा रंग दाट आहे. दोन टोकांना जास्त आणि मध्ये कमी? हवा जास्त होतेय. फवारा केळ्यासारखा एका बाजूला वाकडा? भोक तुंबलंय. पुढची टोपी अर्धा फेरा फिरवून पुन्हा मारा. वाकडेपणाची बाजूही फिरली, तर कचरा टोपीत आहे. तशीच राहिली, तर नॉझलमध्ये.

गन पत्र्यापासून साधारण एक वीत किंवा त्याहून थोडी जवळ धरा. मनगट पंख्यासारखं हलवायचं नाही, अख्खा हात समांतर न्यायचा. पत्रा सुरू होण्याआधी ट्रिगर दाबा, संपल्यावर सोडा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. एकदम जाड हात मारण्यापेक्षा तीन पातळ हात मारा, मध्ये वाळायला वेळ द्या.

काम झालं, की त्याच दिवशी गन धुवायची. थिनर घालून स्वच्छ येईपर्यंत फवारा, मग नॉझल आणि सुई काढून मऊ ब्रशनं पुसा. भोकात तार घालू नका. एक ओरखडा पडला, की फवारा कायमचा वाकडा. अख्खी गन रात्रभर थिनरमध्ये बुडवूनही ठेवू नका, आतली पॅकिंग खराब होतात.

मग फायनल काय?

आता खिशाचा हिशोब. गन ही या सगळ्या खेळातली स्वस्त वस्तू आहे. तिच्यामागे कॉम्प्रेसर, वॉटर सेपरेटर, प्रेशर रेग्युलेटर, मास्क, वॉटर पेपर, पुट्टी, थिनर, मास्किंग टेप आणि रंग येतो. एकाच गाडीसाठी हे सगळं घेतलंत, तर गॅरेजचं एस्टिमेट अचानक वाजवी वाटायला लागेल. कॉम्प्रेसर ओळखीत कुणाकडे असेल किंवा भाड्यानं मिळत असेल, तरच गणित जुळतं.

स्कूटर, मडगार्ड, बंपर, गेट एवढंच करायचंय? १च्या आसपास नॉझलची मिनी गन घ्या. एकच छोटा ओरखडा असेल तर गनच्या नादाला न लागता स्प्रे कॅन घ्या.

संपूर्ण गाडी एनसी किंवा वन-के रंगात करायची हौस आहे? ग्रॅव्हिटी कप, १.४ नॉझल, एलव्हीएलपी. सुटी नॉझल, सुई आणि पॅकिंग मिळणारी कंपनी निवडा. गॅरेजवाले ‘पायलट’, ‘डेव्हिलबिस’, ‘साटा’, ‘अनेस्ट इवाता’ अशी नावं घेतात. यातल्या जर्मन-जपानी गन रोज आठ तास काम करणाऱ्यासाठी आहेत. वर्षातून एक गाडी करणाऱ्यानं त्यात पैसे घालायची गरज नाही. पण अजिबात नाव-गाव नसलेली गन घेतली, तर पहिलं पॅकिंग फाटल्यावर ती शोकेसमध्ये ठेवायला होते.

आणि टू-केची कंपनीसारखी चकाकीच हवी असेल तर काम वाटून घ्या. ट्रिम, दिवे, बंपर काढणं, गंज घासणं, पुट्टी भरणं, वॉटर पेपर मारून पत्रा गुळगुळीत करणं, वन-के प्रायमर, हे सगळं दोन-तीन वीकेण्डमध्ये अंगणात करा. डेंटिंग-पेंटिंगच्या बिलातला मोठा वाटा याच मेहनतीचा असतो. मात्र सुरुवात करण्याआधी पेंटरला भेटा आणि त्याच्या रंगाखाली कोणता प्रायमर चालेल ते विचारून घ्या. शेवटचा रंग आणि क्लिअर बूथ असलेल्या गॅरेजमध्ये होऊ द्या. तिथल्या पेंटरनं नीट मास्क घातलाय का, तेही बघा. नसेल तर विचारा. त्यालाही संध्याकाळी घरी जायचं असतं.

१५ वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी पुढे चालू ठेवायची, तर आरटीओची तपासणी असते. तिथे चकाकीबरोबर गाडीचा सांगाडाही बघितला जातो. म्हणून गंजावर नुसता रंग मारून तो लपवू नका. घासा, कापा, पत्रा लावा, मगच रंगाकडे वळा. गन कितीही भारी असली, तरी ती खाली जे आहे तेच चमकवते.

तेव्हा येत्या वीकेण्डला गावी गेलात, की शॉपिंग अॅप उघडण्याआधी घरातलं व्होल्टेज तपासा, कॉम्प्रेसर कुणाकडे मिळतो ते विचारा आणि गाडीखाली वाकून गंज कुठवर पोचलाय ते बघा. या तीन उत्तरांनंतर कोणती गन घ्यायची, हा प्रश्न पाच मिनिटांत सुटेल. कदाचित उत्तर ‘कुठलीच नको’ असं येईल. तेही उत्तरच आहे आणि वाचलेल्या पैशांत चार नवे टायर येतील!